दादासाहेब फाळके आणि वाटाण्याचे रोप

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा माझ्याकडून एखाद्या संत स्त्रीवर नाही तर जिजाबाईंवर लेख येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी दादासाहेब फाळक्यांचे नाव घेतले तशा त्या थोड्या थबकल्या. सिनेमावाल्याचे चरित्र भगिनीमंडळाच्या स्मरणिकेत कशाला, हे त्यांनी विचारले नाही. पण ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होते. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

प्रथम माझा ह्या विषयाशी संबंध काय, ते सांगितले पाहिजे. आमच्या घरचा व्यवसाय छायाचित्रांचा. सीताबर्डीवर यजमानांचा लहानसा स्टुडिओ होता आणि घरी मागच्या खोलीला काळे पडदे लावून अंधारखोली केलेली होती. लग्न होऊन आले तेव्हा त्या खोलीत जावयास मला भीती वाटे. पुढे तीच खोली माझी झाली. मुले निजली, भांडी घासून झाली की तांबड्या दिव्याखाली माझे दुसरे घर सुरू होई. कागद धुणे, हायपोत बुडविणे, दोरीवर वाळत घालणे, निगेटिव्हवरचे वांग आणि देवीचे वण टोकदार पेन्सिलीने झाकणे, नवरीच्या शालूवर हाताने रंग भरणे, हे सारे मी तीस वर्षे केले. आणि नागपूरचा उन्हाळा! नवतपा लागला की नळाचे पाणी देखील हाताला चटका देई. डेव्हलपर थंड राहावा म्हणून बर्फाची लादी आणून तिच्यात बशा बसवाव्या लागत. नाही तर निगेटिव्हवरचा सरसाचा थर सायीसारखा सुटून येई. तुरटीच्या पाण्याने तो घट्ट बसतो, ही युक्ती मी लोणची घालता घालताच शिकले. दुकानाच्या पाटीवर नाव अर्थातच एकट्या यजमानांचे होते. त्यात मला तेव्हा काही वावगे वाटले नाही. असो.

मागील हिवाळ्यात माझी नात एक जाडजूड चित्रांचे पुस्तक घेऊन आली. ती चित्रकला महाविद्यालयात शिकते. पुस्तक रशियातील अलेक्झांडर रोडचेन्को नावाच्या कलावंताच्या छायाचित्रांचे होते. ह्या गृहस्थाने १९२१ च्या सुमारास रंगचित्रे काढणे सोडून दिले आणि पुढे कॅमेरा हाती घेतला. माणूस नेहमी पोटाशी कॅमेरा धरून समोरचे चित्र घेतो. ह्याने गच्चीवरून खाली, रस्त्यावरून वर, तिरपे, उलटे, जसे सुचेल तसे घेतले. एका चित्रात रुंद पायऱ्यांवर तिरप्या सावल्या पडल्या आहेत आणि एक बाई मूल कडेवर घेऊन त्या चढते आहे. दुसरे त्याच्या आईचे, १९२४ सालचे. ही माउली धोबीण होती. डोक्याला रुमाल बांधलेला, चष्म्याची एक काच हाताने डोळ्याशी धरलेली. ते चित्र मी किती वेळ पाहत बसले, ते नातीलाच ठाऊक! त्याची पत्नी वार्वारा स्तेपानोव्हा हीदेखील चित्रकार. तिने मॉस्कोच्या कापडगिरणीसाठी छापील कापडाचे नमुने काढले, आणि पुस्तकात तिचे नाव तिच्या कामासह ठिकठिकाणी छापलेले आहे.

नातीला वाटत होते की कॅमेऱ्याशी असले खेळ आपल्याकडे कोणी केलेच नाहीत. मी तिला सांगितले की त्या रशियन गृहस्थाने आईचे चित्र घेतले, त्याच्या बारा वर्षे आधी मुंबईत दादरला एका मराठी माणसाने कुंडीतल्या वाटाण्यापुढे कॅमेरा मांडला होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. ते विल्सन कॉलेजात शिकविण्यासाठी मुंबईस आले आणि त्यामुळे हा शास्त्र्याचा मुलगा १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल होऊ शकला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांना प्राध्यापक गज्जर ह्यांच्यासारखा गुरू भेटला. गज्जरांनी कलाभवनाची छायाचित्रशाळा आणि प्रयोगशाळा ह्या मुलाच्या हाती मोकळेपणाने सोपविली. चित्रकला, ओतकाम, छायाचित्रण, तीन रंगांचे ठसे करणे, जे समोर येईल ते फाळके शिकत गेले. एका विद्येवर पोट भरत असता दुसरीवर डोळा ठेवावयाचा, हा त्यांचा स्वभाव तेथेच पक्का झाला असावा. संसारी बाईच्या दृष्टीने असा नवरा म्हणजे मोठी परीक्षाच!

गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला. तेथे १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल ही दोन्ही गेली. बडोद्यास परतून पुन्हा धंदा मांडला तर लोक चित्र काढून घेण्यास भीत; कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी समजूत होती. आम्हांला ह्याचे हसू यावयास नको. महालात राहणाऱ्या आमच्या आजेसासूबाईंनी मरेपर्यंत आपले चित्र काढू दिले नाही, आणि म्हणून आज त्यांचा चेहरा घरात कोणालाच ठाऊक नाही. फाळक्यांनी मग नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग केले. जादूगार म्हणून आपले आडनाव उलटे करून त्यांनी प्रोफेसर केळफा हे नाव घेतले होते. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांची गिरिजा. सासरी तिचे नाव सरस्वती झाले.

त्यानंतर पुराणवस्तू खात्यात चित्रकार व छायाचित्रकार म्हणून सरकारी नोकरी लागली. स्वदेशीचे वारे वाहू लागले तशी ती त्यांनी सोडली. लोणावळ्यास ठसे करण्याचा कारखाना काढला, राजा रविवर्म्याच्या छापखान्याचे काम केले, मग दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. छापखाना नावारूपास आला आणि भागीदारांशी बिनसले. फाळके हात झटकून बाहेर पडले. वय चाळिशीचे, पदरी मुले, आणि घरात उद्याची सोय नाही. अशा वेळी गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशू ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर पाहिले. पडद्यावर ख्रिस्त हिंडत होता आणि ह्यांना आपले राम आणि कृष्ण दिसत होते. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना सोबत घेऊन गेले. घरचे सामान विकून सिनेमे पाहणे, फिती तपासणे सुरू झाले. दिवसरात्र डोळे ताणल्याने दृष्टीच जाण्याची वेळ आली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती कशीबशी परत आली.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते इंग्लंडला निघाले. लंडनमध्ये बायोस्कोप साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न ह्यांनी प्रथम त्यांना ह्या धंद्यापासून परावृत्त करून पाहिले आणि माणूस हटत नाही असे पाहून सेसिल हेपवर्थ ह्या चित्रपटकाराच्या कारखान्यात पाठविले. तेथे पाहिले तेवढेच शिक्षण. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी करून ते एप्रिलच्या आरंभी घरी परतले. आता भांडवल हवे. भांडवल देणाऱ्याला ही विद्या आपणांस येते हे पटविले पाहिजे. आणि येथे वाटाणा आला.

युक्ती अशी. कुंडीत वाटाणा पेरावयाचा, कॅमेरा तिच्यापुढे पक्का रोवावयाचा आणि ठराविक वेळाने एकेक चित्र घेत जावयाचे. पुढे ही फीत सरळ चालविली की महिन्याभराची वाढ डोळ्यांदेखत मिनिटात होते. 'अंकुराची वाढ' ह्या नावाने ही फीत ओळखली जाते. सुमारे महिनाभर काम चालले आणि चित्र मिनिटभराच्या वर भरले, असे सांगतात. पुष्कळ ठिकाणी रोज एक चित्र घेतले असे छापलेले असते. त्यावर माझा विश्वास नाही. त्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे पडद्यावरून जात. मिनिटाला ९६०. रोज एकच घेतले तर महिन्याचा खेळ दोन सेकंदांत आटोपेल! मिनिटभर चालावयाचे तर रोज तीस-बत्तीस चित्रे हवीत. म्हणजे दिवसा उजेडी दर वीस-बावीस मिनिटांनी कोणीतरी उठून कॅमेऱ्याची मूठ एकदा फिरविली पाहिजे, कुंडीला धक्का लागू देता कामा नये, आणि पोरांना त्या खोलीत शिरू देता कामा नये. हे महिनाभर. ह्यातले किती फाळक्यांनी सांभाळले असेल आणि किती घरातल्या माणसाने, ते आपणां बायकांना समजावून सांगावयास नको.

आम्ही आजी-नातीने हा प्रयोग घरी करून पाहिला. मार्गशीर्षात गच्चीलगतच्या खोलीत कुंडी ठेवली. आजच्या मोबाइलमध्ये वेळ लावून दिली की तो आपोआप चित्रे घेतो, मूठ फिरवावी लागत नाही. तरीही पहिल्या खेपेस सारे बिघडले. आभाळ आले की चित्र काळवंडे, ऊन पडले की पांढरेफटक होई, आणि एकत्र चालविले की विजेच्या बिघडलेल्या नळीसारखे लुकलुके. दुसऱ्या खेपेस मोलकरणीने झाडताना कुंडी चार बोटे सरकविली. तिसऱ्या खेपेस जमले. माती हलली, पाठमोरा वाकलेला कोंब बाहेर आला आणि त्याने मान सरळ केली. पण मला खरे नवल वाटले ते तणाव्यांचे. ते हवेत गोल गोल फिरून आधार चाचपडतात, आंधळ्या माणसाच्या हातासारखे. आयुष्यभर मी मटार सोलले, परसात वेल चढविले. हे मला कधी दिसले नव्हते. फाळक्यांनी ज्यांना हा खेळ दाखविला त्यांना काय वाटले असेल, ते त्या दिवशी कळले. ती मूळ फीत आज पाहावयास मिळत नाही.

भांडवल उभे राहिले. त्यात सरस्वतीबाईंचे दागिनेही होते. मुळात हा धंदा सुरू व्हावा ह्यासाठी अंगावरचे उतरवून देणारी ही बाई पुढे त्या धंद्यात नेमके काय करीत होती, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते बहुधा एका वाक्यात आटोपले जाते. कोरी फीत विलायतेहून येई ती भोकांवाचून. अंधारात बसून तिच्या दोन्ही कडांना यंत्राने भोके पाडावी लागत. एका फुटात १६ चित्रे, प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंस चार-चार भोके. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा होता. हिशेब केला तर एकोणसाठ हजारांवर चित्रे आणि पावणेपाच लाखांच्या घरात भोके होतात, आणि ही केवळ एका प्रतीची. एखादे वाकडे पडले तर पडद्यावर चित्र थरथरते. हे काम सरस्वतीबाई करीत. फीत धुण्याची रसायने त्या कालवीत. चित्रीकरण उन्हात चाले. तेव्हा नटांच्या तोंडावर उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या तासन् तास उभ्या राहत. आणि मंडळींत साठ-सत्तर माणसे. त्यांचा स्वयंपाक दोन वेळचा, त्यांचे कपडे. ज्या बाईने एकाच दिवसात चूल आणि अंधारखोली दोन्ही सांभाळली असेल, तिला हे वाचताना पाठीत कळ येईल. मला आली.

तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. नाटकात पुरुष स्त्रीपार्ट करीत, पण कॅमेऱ्यापुढे उभे राहणे कुलीन बायकांना नको होतेच आणि ज्यांना समाजाने कुलीन मानले नाही त्यांनाही नको होते. शेवटी ग्रँट रोडवरील एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक बोटांचा तरुण तारामती झाला. हरिश्चंद्र दत्तात्रेय दाबके झाले आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. ह्या चित्रपटात काम कोठे करता असे विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात असे सांगावे, अशी नटांना शिकवण होती म्हणतात. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला आणि पुढचे सर्वांस ठाऊक आहे. मात्र त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची अल्पवयीन मुलगी कमला मोहिनी झाली. पडद्यावर आलेल्या ह्या पहिल्या भारतीय स्त्रिया. ही कमला म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखले ह्यांच्या आई आणि विक्रम गोखले ह्यांच्या आजी.

फाळक्यांच्या पौराणिक चित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे मन मात्र त्यांच्या हातचलाखीत अधिक रमते. आगपेटीच्या काड्या एकेक चित्रामागे थोड्या सरकवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली; तेथे काड्या आपण होऊन नाचतात. वाटाण्याचीच ही बहीण. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) मध्ये कंसाला चोहीकडे बाळकृष्ण दिसू लागतात आणि त्याचे मुंडके धडावेगळे होऊन पुन्हा येऊन बसते. अशा चित्रांत फितीचा एक भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून चित्र घ्यावयाचे, फीत मागे गुंडाळावयाची, आता झाकलेला भाग उघडून उघडलेला झाकावयाचा आणि तीच फीत पुन्हा चालवावयाची. बोटभर चूक झाली तर दोन्ही वेळची मेहनत वाया. 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता दोन्ही कामे अण्णा साळुंक्यांनी केली. 'कालियामर्दन' (१९१९) मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. त्या चित्राच्या आरंभी ती आधी मुलीच्या वेशात समोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखविते. मग कृष्ण होते. मी ते पाहिले आहे. मुलगी आहे हे लपवावयाचे सोडून बापाने ते कौतुकाने दाखविले, हे मला फार आवडले. आणखी एक लहानशी गोष्ट: त्या काळच्या फितीला तांबडा रंग दिसत नसे, तो काळा उमटे. म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक सुवासिनीचे कुंकू काळे!

१९१८ साली भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पैसा आला आणि पुन्हा जुनाच रोग बळावला; भागीदारांशी पटेना. फाळके सारे सोडून सहकुटुंब काशीस गेले, तेथे 'रंगभूमि' हे नाटक लिहिले, काही वर्षांनी कंपनीत परतले ते पगारी माणूस म्हणून. त्यांच्या स्वभावाचा दोष येथे झाकण्यात अर्थ नाही. हाताखाली कोणी असावे हे त्यांना चाले, बरोबरीला कोणी असावे हे चालत नसे. दरम्यान बोलपट आला. १९३२ चा 'सेतुबंधन' मूक निघाला आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापुरात 'गंगावतरण' हा त्यांचा एकच बोलपट झाला. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. पुढे महायुद्धाच्या काळात चित्रपट काढावयास सरकारी परवाना लागू लागला; त्यांनी मागितलेला परवाना त्यांना मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. तोपर्यंत चित्रसृष्टी त्यांना विसरून गेली होती.

आता त्यांच्या नावाचे पारितोषिक देशात सर्वांत मोठे मानले जाते. ते १९६९ पासून सुरू झाले आणि पहिले देविकाराणींना, म्हणजे एका स्त्रीलाच मिळाले. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्रा'ची पहिली आणि शेवटची रिळे आहेत. ती १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्राची आहेत असे काही अभ्यासक मानतात. २००९ साली परेश मोकाशी ह्यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट काढला. त्यात सरस्वतीबाई पुष्कळ दिसतात. आपल्या मंडळातल्या ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो नातीला वाचून दाखविला. तिने शांतपणे ऐकला आणि मग आमच्या वाटाण्याच्या चित्राच्या शेवटी नावे घालावयाची म्हणून माझे माहेरचे नाव कोणते, ते विचारले. तिला ते ठाऊक नव्हते. मी सांगितले आणि तिने लिहून घेतले. मोलकरणीचेही नाव घाल, कुंडी तिनेच सरकविली होती, असे मी तिला बजावले आहे.